घरात शिरलं की नेटवर्क गायब : बूस्टर घ्यावा काय?

पराटीचं_बोंड
यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तीन मजली स्लॅबची बिल्डिंग, आठ फ्लॅट, आमचा पहिल्या मजल्यावर. गच्चीवर तीन दांड्या, हॉलमध्ये एक, आतल्या खोलीत शून्य. ओटीपी घ्यायला जिना चढावा लागतो. फोन बदलून पाहिला, तेच. ऑनलाइन तीन-साडेतीन हजारांत सिग्नल बूस्टर दिसतो, बाहेर एक अँटेना आणि आत एक डबा. घ्यावा काय? फायबर चौकापर्यंत आलं आहे, आमच्या गल्लीत नाही. केबलवाला म्हणतो दिवाळीनंतर बघू.

डीबीएम_दादा
बूस्टरचं नंतर. आधी दांड्या मोजणं सोडा. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनानं ठरवते.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनची माहिती, तिथे सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ. बऱ्याच फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं तरी पान उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#*. आरएसआरपी नावाचा आकडा पाहायचा, तो उणे असतो. -९० च्या आसपास उत्तम, -१०० ला काम चालतं, -११० ला कॉल तुटक होतो, -१२० म्हणजे असून नसल्यासारखं.

त्याच्या शेजारी आरएसआरक्यू (सिग्नलचा दर्जा, हाही उणे) आणि एसआयएनआर असतात, तेही लिहून घ्या. आरएसआरपी आवाज किती मोठा ते सांगतो, एसआयएनआर गोंगाटातून तो किती स्वच्छ ऐकू येतो ते. एसआयएनआर १३ च्या वर असेल तर छान, ५ च्या खाली गेला की स्पीड कोसळतो, शून्याखाली तर कॉलही टिकत नाही.

गच्ची, बाल्कनी, हॉल, आतली खोली अशा चार जागी मोजा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, आकडा हळू बदलतो. फोन मुठीत धरू नका, हातानं आणि अंगानंच पाच-सात डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जातात. सकाळी एकदा, रात्री आठ-नऊला एकदा.

बैलबंडी
आमच्याकडे सोपं माप हाय. फोन माठावर ठेवला तं एक दांडी, टीव्हीवर ठेवला तं दोन, शेजाऱ्याच्या गच्चीवर ठेवला तं फुल. 😄

डीबीएम_दादा
@बैलबंडी हसू नका, माठाजवळ कमी येणं बरोबरच आहे. पाणी या लहरी पिऊन टाकतं. माठ काय, सिंटेक्सची टाकी काय, तिच्या मागे फोन किंवा राउटर ठेवायचा नाही.

सागवान
कोणत्या कंपनीचं सिम आणि फोन कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, बसतो हेही कळायला हवं. नेटमॉन्स्टर अ‍ॅपमध्ये दिसतं. आपल्याकडे महाराष्ट्र सर्कलमध्ये साधारण असं आहे : जिओ फोरजी बँड ५ (८५०), ३ (१८००) आणि ४० (२३००). एअरटेल ८ (९००), ३, १ (२१००) आणि ४०. व्हीआयचा खालचा बँड ८. बीएसएनएलचं फोरजी २८ (७००) आणि १ वर.

कंसातला मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान तितकी लहर भिंतीतून जास्त आत शिरते. त्यामुळे गच्चीवर बँड ४० वर झकास चालणारा फोन आतल्या खोलीत बँड ५ वर घसरतो. तोही संपला की गायब.

मेळघाट, गडचिरोलीकडच्यांनी अजून एक ध्यानात ठेवावं. टॉवर आणि घर यांच्यामध्ये सागवान असेल तर उन्हाळ्यात पानं गळल्यावर नेटवर्क सुधारतं आणि पावसाळ्यात परत बसतं. ओली रुंद पानं म्हणजे हिरवी भिंतच. मे महिन्यात मोजून अँटेना लावली आणि ऑगस्टमध्ये शिव्या घातल्या, असं होऊ देऊ नका. पावसाळ्यासाठी दहा-बारा डीबी शिल्लक ठेवा.

कवेलू
घर कशाचं आहे यावर निम्मं ठरतं. विटांच्या भिंतीत ५ ते १० डीबी जातात, स्लॅबमध्ये १० ते २०, भिंत ओली असली तर आणखी. ३ डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा. जुन्या कवेलूच्या घरात यातलं फारसं काही अडत नव्हतं.

आता आपल्या भागातले खरे चोर :

गच्चीवर उन्हासाठी टाकलेलं टिनाचं शेड. पत्र्यातून जवळजवळ काहीच जात नाही. वरच्या मजल्यावाल्यांना बाजूनं येईल तेवढंच. पत्र्याखाली चंदेरी फॉइलची शीट लावली असेल तर तीही तशीच.

खिडकीतला कूलर. लोखंडी बॉडीचा डेझर्ट कूलर खिडकीत बसवला की सिग्नल यायची मोठी वाट बंद. तीन बाजूंना ओलं वुडवूल, खाली चाळीस-पन्नास लिटर पाणी. फेब्रुवारीत बरा असलेला फोन एप्रिलमध्ये बिघडला असं वाटतं ते यामुळे.

आणि डासांची जाळी. अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टीलची बारीक जाळी चौकटीभर असेल तर काढून नायलॉन नाहीतर फायबरग्लासची लावा. या कामात सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच.

बैलबंडी
कूलर काढून नेटवर्क घ्यायचं? नवतप्यात? घरचे मलेच बाहेर काढतीन राजेहो.

कवेलू
काढायला कोण सांगतं. टॉवर ज्या दिशेला आहे ती खिडकी सोडून दुसऱ्या खिडकीत सरकवा. नाहीतर प्लॅस्टिक बॉडीचा घ्या, निदान लोखंड तरी गेलं.

जुना_लाइनमन
आता बूस्टर. घेऊ नका. दोन कारणं.

एक, कायदा. कंपनीच्या परवानगीशिवाय रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, बाळगणं, विकणं, लावणं बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हीच भूमिका आहे आणि दूरसंचार खातं तशा सूचना काढत असतं. तक्रार आली की शोधून काढतात, उपकरण जप्त होतं. ऑनलाइन खुलेआम मिळतं म्हणजे चालतं असं नाही.

दोन, तो नीट चालत नाही आणि इतरांचंही बिघडवतो. सप्ताहातला भोंगा आठवा. माइक भोंग्यासमोर आला की कुईंऽऽ करून शिट्टी वाजते. इथे बाहेरची अँटेना म्हणजे माइक आणि आतली म्हणजे भोंगा. आतला वाढवलेला सिग्नल बाहेरच्या अँटेनानं परत ऐकला की डबा शिट्टी मारायला लागतो. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि त्या बाजूच्या सगळ्या फोनचा आवाज तिच्यात बुडतो.

तर्कटराव
कायदा ठीक, पण तालुक्यात निम्म्या दुकानांत तोच डबा आहे आणि लोकांचं चाललंय. अँटेना लांब लावली तर शिट्टी कशी वाजेल?

जुना_लाइनमन
किती लांब ते मोजू. स्वस्त डब्यावर ६५ डीबी गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो ते, लिहिलेलं असतं. दोन अँटेनांमधली आडकाठी गेनपेक्षा किमान १५ नं जास्त हवी, म्हणजे ८०. ९०० मेगाहर्ट्झला १० मीटर मोकळ्या हवेत साधारण ५१ डीबी जातात, मध्ये एक स्लॅब म्हणून १५ धरा. झाले ६६. त्यातून दोन्ही अँटेनांचा स्वतःचा गेन वजा होतो. एक मजला आणि दहा मीटर केबल यात ८० ची बेरीज होतच नाही. चांगल्या उपकरणात शिट्टी लागली की गेन आपोआप उतरवण्याची सोय असते, तीन हजारांच्या डब्यात नसते.

लोकांचं चालतंय म्हणता, त्यांना दांड्या वाढलेल्या दिसतात. टॉवरकडून फोनकडे येणारी बाजू मुळातच जोरदार असते, तिथे वीस-चाळीस वॅट असतात. अडचण उलट्या बाजूची. फोरजीत फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट फेकतो. म्हणून तुम्हाला पलीकडचं ऐकू येतं आणि पलीकडचा 'हॅलो हॅलो' करत बसतो. डब्यानं त्या बाजूला गोंगाटच भरला तर फुल दांड्यांवर कॉल कटतो.

तर्कटराव
८० ची बेरीज पटली. निम्म्या दुकानांचं चाललंय हे वाक्य मागे घेतो, निम्म्या दुकानांत डबा आहे एवढंच ठेवतो.

झाडीपट्टी
हवेतला सिग्नल वाढवत बसण्यापेक्षा नेट वायरीनं घरात आणा आणि वायफाय कॉलिंग करा. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलं, जिओनं जानेवारी २०२० मध्ये. वेगळे पैसे नाहीत, वेगळं अ‍ॅप नाही. नंबर तोच, साध्या डायलरमधूनच कॉल जातो. नेट कोणत्याही कंपनीचं चालतं.

चालू करायला सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' असतं. काही फोनवर ते डायलरच्या सेटिंग्जमध्ये लपलेलं असतं. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळं चालू करावं लागतं, इथेच अर्धे लोक चुकतात. मग फोन एकदा बंद करून चालू करा.

तरी होत नसेल तर ही नेहमीची कारणं :
फोनचं सॉफ्टवेअर जुनं आहे, किंवा त्या मॉडेलला त्या कंपनीनं मान्यता दिलेली नाही.
राउटर आयपीसेक, म्हणजे वायफाय कॉल ज्या बंदिस्त वाटेनं जातो ती, अडवतो. राउटरच्या पानावर आयपीसेक पासथ्रू चालू करा, यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट मोकळे हवेत.
घरात -११५ चा मरतुकडा सिग्नल आहे आणि फोन त्यालाच चिकटून बसतो. 'वायफायला प्राधान्य' असा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर विमान मोड लावून फक्त वायफाय चालू करा. कॉल येतात-जातात, बहुतेक फोनवर ओटीपीचे मेसेजही येतात. आधी एकदा खात्री करून घ्या.

कॉलला एका बाजूनं १०० केबीपीएस पुरतात. स्पीडची चिंता नको, नेट स्थिर हवं.

पराटीचं_बोंड
पण वायफायसाठी नेटच नाही ना दादा. तीच तर रड आहे.

झाडीपट्टी
मग दोन वाटा. दुसऱ्या कंपनीचं सिम घरात बरं चालतं का पाहा, शेजाऱ्याचा फोन मागून त्याच खोलीत मोजा. चालत असेल तर ते सिम दोनमध्ये टाका, डेटा त्याच्यावर ठेवा. आयफोनवर, पिक्सेलवर आणि बऱ्याच नव्या फोनवर सिम एकचा कॉल सिम दोनच्या डेटावरून नेण्याची सोय आहे. सिम एकचं वायफाय कॉलिंग चालू असावं लागतं. कुठे बॅकअप कॉलिंग म्हणतात, कुठे वेगळंच नाव.

ज्याला घरात फक्त कॉल आणि ओटीपी हवा त्यानं दुसऱ्या सिमला 'फक्त टूजी' लावून पाहावं. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं टूजी अजून आहे, ९०० वाला टूजी आत चांगला शिरतो. जिओला टूजी नाहीच, तिथे हा उपाय नाही. डेटा मात्र विसरा.

मिस्त्री_नेटवाला
दुसरी वाट मी सांगतो. गच्चीवर फोरजीचा बाहेरचा राउटर, म्हणजे आउटडोअर सीपीई. सिम त्याच्या पोटात असतं, अँटेना आतच असते. तिथून घरात फक्त लॅन केबल येते आणि वीजही त्याच केबलनं वर जाते, त्याला पीओई म्हणतात. घरात साधा वायफाय राउटर. वर @झाडीपट्टीनं सांगितलेलं वायफाय कॉलिंग त्याच्यावर चालवा.

गच्चीवर नुसती अँटेना आणि घरात राउटर असं करू नका. सिग्नल केबलमध्येच मरतो. आरजी-५८ नावाची बारीक काळी केबल १८०० ला मीटरमागे पाऊण-एक डीबी खाते, पंधरा मीटरला बारा-तेरा गेले. अँटेनानं कमावलं ते केबलनं घालवलं. एलएमआर-४०० मीटरला ०.२ च खाते, पण महाग आणि बोटाएवढी जाड. लॅन केबलमधून आकडे जातात, १०० मीटरपर्यंत काही घटत नाही.

आधीच राउटर घेतला असेल आणि अँटेना बाहेर न्यायचीच असेल तर दोन केबल, दोन अँटेना लागतात, एकीवर स्पीड निम्मा होतो. पिना तपासा. फोरजी राउटरला सहसा एसएमए असते, वायफाय अँटेनांना आरपी-एसएमए. दोन्ही एकमेकांवर घट्ट बसतात, पण मधली पिन टेकतच नाही. 'अँटेना लावली, काही फरक नाही' याचं कारण बरेचदा एवढंच.

संत्र्याची_फोड
जुन्या डीटीएचच्या तव्यात डोंगल टांगलं तर नाही का चालत? व्हिडिओत तर धूम असते.

मिस्त्री_नेटवाला
२३०० ला चालतं, ६० सेंटिमीटरचा तवा तिथे बऱ्यापैकी गोळा करतो. ८५० ला लहरच ३५ सेंटिमीटरची, तव्यात दोनही मावत नाहीत, म्हणून फायदा नगण्य. दुसरं, तो तवा ऑफसेट असतो. सरळ उभा केला तर २०-२५ अंश आकाशाकडे पाहतो. टॉवर क्षितिजावर, तवा चांदण्या मोजत. तेवढाच पुढे झुकवावा लागतो, मग तो पडल्यासारखा दिसतो पण बरोबर असतो. आणि मे महिन्यात उन्हात टांगलेलं डोंगल किती दिवस टिकेल ते तुम्हीच ठरवा.

बैलबंडी
तव्यावर वानर बसलं तं गेन वाढते का कमी होते?

मिस्त्री_नेटवाला
वानर बसलं की दिशा बदलते आणि वानर गेलं की खांब बदलावा लागतो. 😄 चेष्टा सोडा, काळतोंड्यांचा विचार करूनच लावा. उंच सडपातळ पाइप त्यांना झुल्यासारखा वाटतो. जिन्याच्या खोलीच्या भिंतीलाच दीड-दोन फूट बाहेर येईल असा जाड ब्रॅकेट ठोका. केबल लोंबती ठेवू नका, पहिल्या इंचापासून पाइपात घाला.

पराटीचं_बोंड
मोजलं एकदाचं. सिम जिओचं.
गच्ची : -९१, बँड ४०. सकाळी एसआयएनआर १४, रात्री साडेआठला ३. आरएसआरक्यू रात्री -१६.
बाल्कनी, पश्चिमेची : -१०४, बँड ४०.
हॉल : -११३, बँड ५.
आतली खोली : -११९, बँड ५, मध्येच गायब.
नेटमॉन्स्टरमध्ये टीए २४ दाखवतो, त्याचा अर्थ काय?
बाल्कनीला अ‍ॅल्युमिनियमची जाळी आहे. आणि हो, हॉलच्या खिडकीत कूलर.

डीबीएम_दादा
वा, याला म्हणतात प्रश्न विचारणं. टीए म्हणजे टॉवरपासूनच्या अंतराचा अंदाज. फोरजीत एक आकडा म्हणजे सुमारे ७८ मीटर. २४ × ७८ म्हणजे पावणेदोन-दोन किलोमीटर. अंतर काही जास्त नाही.

गच्ची ते आतली खोली २८ डीबी, म्हणजे ताकद सहाशे पटीनं कमी. त्यातही खाली फोन ८५० वर आहे, २३०० वर मोजलं असतं तर फरक याहून मोठा निघाला असता. सगळं घरानंच खाल्लंय, टॉवर निर्दोष आहे. जाळी बदला आणि कूलर सरकवा, हॉल -१०५ पर्यंत यायला हरकत नाही.

रात्रीचं मात्र वेगळं दुखणं आहे. आरएसआरपी तोच, एसआयएनआर आणि आरएसआरक्यू पडले, म्हणजे टॉवरवर गर्दी. यावर बूस्टर, तवा, अँटेना कशाचाच उपयोग नाही, बँड बदलून पाहता येतो. सीपीईमध्ये बँड लॉक, म्हणजे ठरवलेल्या बँडवरच ठेवायची सोय, असते. गच्चीवर ५ आणि ३ रात्री नऊला तपासा, ज्यावर एसआयएनआर जास्त तो ठेवा. बँड ५ वर पाच मेगाहर्ट्झचाच पट्टा असेल तर कागदावर ३५-३७ एमबीपीएस, गर्दीत पाच-सात. कॉलला भरपूर झालं.

तर्कटराव
टॉवर निर्दोष म्हणता, मग रात्रीची गर्दी कुणाचा दोष? तक्रार करायलाच हवी.

सागवान
करा, पण 'नेटवर्क नाही' एवढंच सांगू नका. १९८ वर फोन, हा तक्रारीचा नंबर फुकट आहे. पिनकोड, वेळ, आरएसआरपी, एसआयएनआर, सेल आयडी (फोन टॉवरच्या ज्या सेलला जोडला आहे त्याचा नंबर) सांगा. सेल आयडीला २५६ नं भागलं की पूर्णांकात टॉवरचा नंबर येतो, तोही द्या. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, लिहून घ्या. मुदतीत निकाल लागला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला फी नाही. आठही फ्लॅटच्या वेगवेगळ्या तक्रारी गेल्या तर वजन पडतं. बिल्डिंगसाठी कायदेशीर रिपीटर फक्त कंपनीच लावू शकते, तशी मागणी लेखी करा.

आसपासचे टॉवर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतात. पोर्ट करायचं असेल तर १९०० ला मेसेज, पण त्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि आधी शेजाऱ्याच्या सिमवर मोजून मगच.

झाडीपट्टी
लाइट गेली की काय हेही आत्ताच ठरवा, भारनियमन काही सुटलेलं नाही. मिनी यूपीएस मिळतो, राउटर आणि सीपीईला लागतील ते व्होल्ट देणारा पाहा. डब्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे साडेबत्तीस वॅट-तास. राउटर आणि सीपीई मिळून १० वॅट धरले तर तूट जाऊन पावणेतीन तास. टॉवरची बॅटरी त्याआधी संपली तर मात्र यूपीएस काही करू शकत नाही.

पराटीचं_बोंड
ठरलं, बूस्टर रद्द. जाळी या रविवारी, कूलरचं घरी बोलतो. सीपीई लावायचं तर गच्चीपासून हॉलपर्यंत केबल १८ मीटर होते. काय काय आणू आणि काय चुकतं?

मिस्त्री_नेटवाला
कॅट-६ आउटडोअर केबल २५ मीटर, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्तात मिळते, तिच्यात व्होल्टेज पडतं आणि सीपीई रात्री-बेरात्री रीस्टार्ट होतो. आवरण काळं, उन्हाला टिकणारं घ्या. घरातली राखाडी पीव्हीसीची आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते.

पीओईचा इंजेक्टर सीपीईसोबत आलेलाच वापरा. कुठे २४ व्होल्ट असतात, कुठे ४८. अदलाबदल झाली तर धूर निघतो.

सीपीई टिनाच्या शेडखाली नको. टॉवरकडे तोंड करून १५-१५ अंश फिरवा, दर वेळी एक मिनिट थांबा, आरएसआरपीपेक्षा एसआयएनआर पाहा. आठवडाभर दोरीनं बांधून चालवा, मग ड्रिल मारा. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथे गळून जाईल, बोर्डात येणार नाही.

विजा आपल्याकडे भरपूर. ब्रॅकेटला अर्थिंग द्या, सीपीई कठड्याच्या फार वर काढू नका, गडगडायला लागलं की इंजेक्टरची केबल उपटून ठेवा.

आणि बँकेच्या नंबरचं सिम सीपीईत घालू नका. ओटीपी गच्चीवर डब्यात पडत राहतील. नवं सिम घ्या, डेटाचं रोजचं माप पाहून.

बैलबंडी
म्हणजे ओटीपी घ्याले पुन्हा जिना. 😄

पराटीचं_बोंड
नवं सिम लिहून घेतलं सगळ्यात वर. घरचं उत्तर आलं : कूलर हलणार नाही, पण नवतपा झाल्यावर विचार करू.

कवेलू
मग हॉलचा आकडा जूनमध्ये पुन्हा मोजा. तोवर फोन बाल्कनीच्या दारापाशी.